तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि रीडेव्हलपमेंट : ज्येष्ठांच्या वसाहतीत जावं का?

गुलबक्षी | ५ जुलै, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि गच्चीवरची बाग या दोनच विभागांत सापडते. आज जरा वेगळं विचारायचंय आणि ते लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी कोथरूडची, १९८६ सालची. तीन मजले, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. माझं वय ६९, ह्यांचं ७५. माझे दोन्ही गुडघे कुरकुरतात, ह्यांच्या बायपासला नऊ वर्षं झाली. दूध-भाजी दोरीला पिशवी बांधून वर ओढतो. खालचा इस्त्रीवाला चांगला आहे, तो पिशवीत कपडेही टाकतो आणि खालून 'काकू, ओढा' अशी हाक देतो.

आता सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघालीय. बिल्डर छत्तीस महिने म्हणतो, म्हणजे किती ते पुणेकरांना सांगायला नको. तोवर महिना २८ हजार भाडं देणार. मीटिंगमध्ये सगळे पार्किंग आणि कार्पेट एरियावर भांडत होते. हे उठले आणि म्हणाले, "पझेशन कुणाला देणार, मला की माझ्या फोटोला?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

मुलगा टोरांटोजवळ असतो. मुलगी ठाण्यात. ती मनापासून 'या' म्हणते, पण तिचं घर दीड खोलीचं आणि तिथे तिच्या सासूबाई आहेतच. म्हणून पुण्याच्या आसपासच्या ज्येष्ठांच्या दोन वसाहती बघून आलो. नावं लिहीत नाही. रस्ते सपाट, बाग छान, दवाखाना आत, जेवायला मेस. मला आवडलं. ह्यांचा शेरा : "वृद्धाश्रमच तो. दारात कारंजं आहे एवढंच."

कुणी राहिलंय का, कुणाचे आईवडील राहतात का? काय चांगलं, काय वाईट, दोन्ही लिहा. आणि कृपया 'तुमच्या मनाला विचारा' असं लिहू नका. मनाला विचारून झालंय, ते गुडघ्यांकडे बोट दाखवतं.

कडूनिंब | ५ जुलै, ११:४८

काकू, स्पष्ट लिहितो. जाऊ नका.

माझा मोठा काका गेला होता. पहिलं वर्षभर खूश. मग रोज तेच चाळीस चेहरे आणि त्याच गप्पा : कुणाचा सोडियम उतरला, कुणाचं कॅथेटर निघालं. माणसाला आजूबाजूला शाळेत जाणारी पोरं लागतात, गणपतीची वर्गणी मागायला येणारी कार्टी लागतात. कोपऱ्यावरचा वाणी लागतो, उधारी न देणारा का असेना. सगळी एकाच वयाची माणसं एका कुंपणात ठेवली की ती वेटिंग रूम होते.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी नोटीस बोर्डावर 'दुःखद निधन'. काका म्हणायचा, मी आता बोर्डासमोरून जातच नाही, मागच्या जिन्याने जातो.

पारिजातक | ५ जुलै, १२:०५

वाचतेय. आईबाबांसाठी हाच विषय घरात चालू आहे. वाचनखूण साठवली.

टिळकरोडकर | ५ जुलै, दुपारी ४:३०

वय वर्षे ७८. गेली सहा वर्षं अशाच एका वसाहतीत राहतो, आधी सपत्नीक, गेली दोन वर्षं एकटा. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

कडूनिंब, तुमचं म्हणणं खोटं नाही. आमच्याकडेही बोर्ड आहे. माझ्या मजल्यावरच्या चार दारांवरच्या पाट्या या सहा वर्षांत बदलल्या, त्यातली एक पाटी आमची. तिचं नाव काढून नवी करायला टाकली तेव्हा रंगवणाऱ्याने विचारलं, "वरची ओळ रिकामी ठेवू का?"

पण टिळक रोडवरच्या जुन्या वाड्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो, तेव्हाचंही सांगतो. शेवटची दोन वर्षं ही फक्त डॉक्टरांकडे जायला खाली उतरली. वाण्याचा मुलगा सामान वर आणून द्यायचा. शाळेची पोरं खिडकीतून दिसायची. याला समाजात राहणं म्हणायचं असेल तर म्हणा. इकडे आल्यावर दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी बागेत गेली आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत परतच आली नाही. मी शोधायला निघालो. भिशी लावून बसली होती.

पुण्यात परांजपे बिल्डरांच्या 'अथश्री' या ज्येष्ठांच्या वसाहतींमुळे हा प्रकार लोकांना कळला. त्याआधी 'वृद्धाश्रम' हा एकच शब्द होता आणि तो शब्द आला की घरात कुणीतरी रडायचं. माझ्या मते फरक कारंज्याचा नाही. वृद्धाश्रमात आपण दाखल होतो, इथे आपण घर घेतो. कुलूप आपलं, किल्ली आपली, पाहुणा आला तर चहा आपल्या स्वयंपाकघरातला.

आता वाईट. मेसच्या पोळ्या. सहा वर्षांत तीन कंत्राटदार बदलले, पोळी बदलली नाही. सकाळी केलेली, डब्यात वाफ धरलेली, दुपारी एक वाजता रुमालासारखी. आमटीत मीठ कमी, कारण 'सर, सगळे बीपीवाले'. यावर समिती आहे. समितीवर मीही होतो. एक वर्ष आम्ही फक्त पोळीच्या व्यासावर चर्चा केली.

दुसरं वाईट जास्त गंभीर आहे. तुम्ही जागा बघायला जाता तेव्हा मॅनेजर कोण आहे ते बघता. चांगला, हसरा, सगळ्यांना नावाने ओळखणारा मुलगा असतो. तो वर्ष-दीड वर्षात नोकरी बदलतो. आमच्याकडे पाचवा चालू आहे. बाग तीच, मेस तीच, पण मॅनेजर बदलला की सगळी जागाच बदलते. म्हणून इमारतीपेक्षा हे विचारा : मॅनेजर किती वर्षं आहे? रात्रीची नर्स किती महिने आहे? गोल गोल उत्तर मिळालं तर समजा.

बांगडा_फ्राय | ५ जुलै, ४:५२

बहुतेक ठिकाणी मेस शुद्ध शाकाहारी असते हेही लिहा की काका. माझे वडील मालवणचे. दोन महिन्यांत परत आले. म्हणाले, दवाखाना जवळ आहे पण बाजारपेठ लांब, मी जगू कशासाठी?

टिळकरोडकर | ५ जुलै, ५:१५

आमच्याकडे आपल्या घरात शिजवायला बंदी नाही. फक्त लिफ्टमध्ये वास आला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुभाषितं सुरू होतात.

तेरीजबेरीज | ५ जुलै, रात्री ९:२०

पैशाचं बोलू. तीन प्रकार असतात आणि लोक गल्लत करतात.

मालकीचा फ्लॅट : रजिस्टर होतो, वारसाला जातो. मात्र करारात वयाची अट असते, साधारण ५५ किंवा ६० पूर्ण. म्हणजे मुलगा मालक होईल, पण वय बसेपर्यंत तिथे राहू शकणार नाही. विकायचा तर ज्येष्ठालाच, म्हणजे गिऱ्हाईक कमी. वर काही ठिकाणी हस्तांतर शुल्क.

डिपॉझिटवाला : मोठी रक्कम ठेवायची, राहायचं, सोडताना काही टक्के कापून बाकी परत, बिनव्याजी. इथे करारातली एक ओळ भिंग लावून वाचा : 'नवीन रहिवासी आल्यानंतर परतावा'. माझ्या मावशीच्या बाबतीत ही ओळ होती. ती गेल्यावर पैसे यायला चौदा महिने लागले आणि तोवर खोलीचं सेवाशुल्क वारसांकडून मागत होते.

भाड्याचा : अकरा महिन्यांचा करार, जाणं-येणं सोपं, दरवर्षी वाढ.

करांचं थोडं. जुनं घर विकून दुसरं राहतं घर *विकत घेतलं* तर आयकर कायद्यात (१९६१ च्या कायद्याचं कलम ५४) भांडवली नफ्यावर सूट मिळते. डिपॉझिट म्हणून ठेवलेल्या पैशाला ती धरू नका. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराच्या नफ्यावर कर १२.५ टक्के विनाइंडेक्सेशन किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरून), जे कमी पडेल ते. १९८६ चं घर असेल तर सीएकडून दोन्ही काढून घ्या. बिल्डरच्या भाड्याबद्दल : अशा विस्थापन भाड्यावर टीडीएस कापायची गरज नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय.

जीएसटी : साध्या सोसायटीच्या मेंटेनन्सला महिना ७,५०० पर्यंत सूट असते. ज्येष्ठ वसाहतीत बिल बऱ्याचदा सोसायटी देत नाही, सेवा कंपनी देते. मग ती सूट नाही, १८ टक्के. बघायला गेलात की सांगितलेला आकडा 'जीएसटीसह का?' हे विचाराच.

ताई, तुमच्या दोघांचा महिन्याचा आकडा काय सांगितला त्यांनी?

गुलबक्षी | ५ जुलै, ९:४१

एक बेडरूम भाड्याने : भाडं २४, सेवाशुल्क १४, मेस दोघांची १४. एकूण ५२ हजार. जीएसटीचं विचारलं नाही. 😬

तेरीजबेरीज | ५ जुलै, १०:०५

मग सेवाशुल्कावर अडीच हजार धरून चला. मेसवरही काही लागतो का ते विचारा.

समजा दोघांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल म्हणजे ३०-३० लाख ठेवलेत. ८.२ टक्क्यांनी प्रत्येकाला तिमाही ६१,५०० मिळतात, दोघांचे मिळून महिन्याला ४१ हजार, आणि त्यावर आयकर. बिल्डरचे २८ आले की आज निभतं, थोडे उरतातही. पण व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं, सेवाशुल्क राहत नाही. दरवर्षी ८ टक्के वाढलं तर नऊ वर्षांत दुप्पट. तुम्ही ७८ च्या असाल तेव्हाचं बजेट काढा. आणि त्यात २४ तासांची बाई धरा, ती सेवाशुल्कात नसते.

सातासमुद्रा | ६ जुलै, सकाळी ६:३०

न्यू जर्सीहून. माझी आई नाशकात एकटी राहते म्हणून हा धागा अधाशासारखा वाचला.

इथे अमेरिकेत काही मोठे कॅम्पस असे असतात की आधी स्वतंत्र घर, मग मदतीची गरज लागली तर त्याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीत, पुढे नर्सिंगची वेगळी. पैसे प्रचंड. पण 'पुढे काय' याचं उत्तर पहिल्याच दिवशी कागदावर असतं. आपल्याकडे मी जिथे जिथे फोन केले तिथे बागेचा ड्रोन व्हिडिओ आला. 'आई अंथरुणाला खिळली तर?' यावर उत्तर : "सर, पॉझिटिव्ह राहूया."

फिजिओताई | ६ जुलै, सकाळी ८:१५

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. अशा तीन ठिकाणी आठवड्यातून एकेकदा जाते. वरच्या प्रश्नावर सगळं अडतं, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडच्या बहुतेक वसाहती *हिंडत्याफिरत्या* माणसांसाठी आहेत. करारात कुठेतरी असतं की रहिवाशाला कायमची शुश्रूषा लागली, किंवा विस्मरण इतकं वाढलं की तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, तर व्यवस्थापन त्याला दुसरीकडे हलवायला सांगू शकतं. प्रत्यक्षात लोक ब्युरोची २४ तासांची बाई ठेवून तिथेच राहतात आणि व्यवस्थापन काणाडोळा करतं. करतं तोवर. म्हणून विचारायचं : बाईला खोलीत झोपायची परवानगी आहे का? तिच्या जेवणाचे वेगळे पैसे किती? हॉस्पिटलचा पलंग आणि ऑक्सिजन खोलीत आणता येईल का? आणि हे तोंडी नको, लेखी.

आता तुम्ही स्वतः बघायच्या गोष्टी. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान निकष घालून दिले : व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, ९०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तीन फुटांचे दरवाजे, रॅम्प, बाथरूममध्ये धरायचे दांडे, न घसरणाऱ्या फरशा. विक्री करारात हे यायला हवं. जुन्या प्रकल्पांत यातलं निम्मंच सापडेल, म्हणून पर्समध्ये टेप ठेवा. दिवाणखान्याचं दार सगळीकडे रुंद असतं. बाथरूमचं मोजा.

आणि बाथरूममधली दोरी. कमोडशेजारी मदतीसाठी ओढायची लाल दोरी असते. पडलेला माणूस फरशीवर असतो, म्हणून दोरी फरशीपासून वीतभर अंतरापर्यंत लोंबायला हवी. मी जाते त्यातल्या एका ठिकाणी जवळपास प्रत्येक घरात ती गुंडाळून वर दांड्याला बांधलेली असते. कारण काय? पोछा मारताना भिजते म्हणून सफाईवाली बांधते. मी सोडते, पुढच्या आठवड्यात परत बांधलेली. एका आजींनी तर त्यावर नॅपकिन वाळत घातला होता.

कडूनिंब | ६ जुलै, ८:४०

हे वाचून माझंच मत पक्कं झालं.

फिजिओताई | ६ जुलै, ८:५१

तुमच्या घरच्या बाथरूममध्ये कुठली दोरी आहे? 🙂 आणि दार किती रुंद?

एकटीदुकटी | ६ जुलै, दुपारी १:१०

धाग्यात सगळी जोडपीच दिसतात म्हणून लिहिते. मी ६४, लग्न केलं नाही, बँकेतून निवृत्त.

माझ्यासारखीला 'मुलांकडे की वसाहतीत' हा पर्यायच नाही. 'एकटी की माणसांत' एवढाच. मी तीन जागा पाहिल्या. पहिल्याच प्रश्नाला अडखळतात : "मॅडम, प्रायमरी काँटॅक्ट कोण?" भाचा म्हणाले तर भाच्याचा फोन, आधार, संमतीपत्र. तो बंगळुरूला. एका ठिकाणी तर 'घरच्यांना घेऊन या, मग बोलू'. चौतीस वर्षं मी लोकांची कर्जं मंजूर केली, आणि इथे माझी सही चालेना.

दुसरं, एकट्या माणसाला पुरं घर, पुरं सेवाशुल्क. डोक्यामागे खर्च जोडप्यापेक्षा कितीतरी जास्त. दोन मैत्रिणींनी मिळून एक घर घ्यावं म्हटलं तर फॉर्ममध्ये 'पती/पत्नी' एवढाच रकाना.

तरीही मी जाणार आहे. मागच्या पावसाळ्यात तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी दूधवाल्याने बेल वाजवली, कारण दारात तीन पिशव्या साठल्या होत्या. पिशव्या मोजणारं माणूस पगारी असलं तरी मला चालेल.

गुलबक्षी | ६ जुलै, १:३२

एकटीदुकटी, तुमचं वाचून हातातलं काम थांबलं. पुण्यात आहात का? भेटूया.

बाकी, मुलीने काल नवीनच काढलंय : नवीन इमारतीतला फ्लॅट आत्ताच तिच्या आणि भावाच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, पुढे कटकट नको. दोनशे रुपयांच्या स्टँपवर होतं म्हणे. खरं का?

खंडपीठ | ६ जुलै, संध्याकाळी ७:००

थांबा, सही करू नका!

राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे हे खरं, वर स्थानिक अधिभार वगैरे लागतो. स्वस्त आहे म्हणूनच लोक घाई करतात. बक्षीसपत्र झालं की घर गेलं. मृत्युपत्र उद्या बदलता येतं. तुम्ही अजून कुठे राहणार हेच ठरलेलं नाही, उद्या डिपॉझिटसाठी हाच फ्लॅट विकावा लागला तर?

द्यायचंच असेल तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात हवेत. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्यावर उभं आहे. अट मोडली तर न्यायाधिकरण हस्तांतर रद्द करू शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट असणं आवश्यक धरलं. जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा हेतू बघून उदार अर्थ लावला आणि आईला मालमत्ता परत मिळाली. पण कोर्टात जाऊन जिंकण्यापेक्षा न जाणं बरं. तुमची मुलगी वाईट आहे असं मी म्हणत नाही. जावई, सून, बँक, कर्ज, घटस्फोट यांतलं काहीही मध्ये येऊ शकतं.

दुसरा कागद, विशेषतः एकटीदुकटी यांच्यासाठी. हॉस्पिटलात 'पेशंटचं कोण?' हा प्रश्न येतो तेव्हा वसाहतीचा मॅनेजर सही करत नाही, करणारही नाही. शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत आणि निर्णय कुणी घ्यायचा हे आधीच लिहून ठेवता येतं. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ पासून ते सोपं झालं : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. पूर्वी न्यायदंडाधिकारी लागायचा. त्यात मैत्रिणीचं नावही देता येतं, नातेवाईकच हवा असं नाही.

टिळकरोडकर | ६ जुलै, ८:२५

खंडपीठ यांना दंडवत. आमच्याकडे हे कागद कपाटाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकटवायची पद्धत आहे, शेजाऱ्याला माहीत असतं. सोबत आयुष्मान कार्ड. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून उत्पन्न न बघता मिळतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण जवळचं रुग्णालय त्या यादीत आहे का ते आधी बघा. आमचं नव्हतं.

गुलबक्षीताई, एक न मागितलेलं सांगतो. आम्ही आलो तेव्हा मला वाटलं होतं, घर दोघांसाठी बघतोय. खरं म्हणजे मागे राहणाऱ्या एकासाठी बघत होतो. ही गेली त्या आठवड्यात माझं दार कुणी ना कुणी सकाळी आठला वाजवायचं. काही काम नसायचं. एक जण फक्त पेपर मागायला यायचा आणि त्याच्या हातात त्याचा पेपर असायचाच. ही ओळख व्हायला चार वर्षं लागली होती. टिळक रोडवरून मी एकटा, शहात्तराव्या वर्षी इथे आलो असतो, तर खोलीत बसून राहिलो असतो. तसे बसलेले बघतो ना. बहुतेकांना मुलांनी आणून सोडलेलं असतं, जोडीदार गेल्यावर, तेराव्यानंतर लगेच.

तुमच्या ह्यांना हे माझ्या नावावर सांगा.

पारिजातक | ६ जुलै, ९:००

काका 🙏

कडूनिंब | ६ जुलै, १०:१२

टिळकरोडकर, यावर माझ्याकडे उत्तर नाही. काका एकटाच गेला होता, काकू गेल्यावर तीन महिन्यांनी. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, तीच योग्य वेळ.

पण गुलबक्षीकाकू, घर विकून जाऊ नका. एवढं माझं ठेवा.

सातासमुद्रा | ७ जुलै, सकाळी ५:५०

बिल्डरचं भाडं येणारच आहे ना? मग ते अकरा महिने तिथे राहायला वापरा. कुठेतरी भाड्याने राहायचंच आहे.

तेरीजबेरीज | ७ जुलै, ८:०५

+१. शिवाय त्याआधी गेस्ट रूममध्ये पंधरा दिवस राहून बघा. बहुतेक ठिकाणी देतात. पावसाळ्यातच राहा. हिवाळ्यात पुण्याजवळची कुठलीही जागा चांगलीच वाटते.

गुलबक्षी | २३ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मंडळी, उशिरा येतेय. सगळ्यांची नावं घेत नाही, एकेक प्रतिसाद प्रिंट काढून ह्यांना वाचायला दिला होता. टिळकरोडकरांचा वाचून त्यांनी काही न बोलता घडी घालून खिशात ठेवला.

अठरा दिवस गेस्ट रूममध्ये राहून आलो. पहिल्या दिवशी बाथरूममध्ये गेले तर दोरी वर गुंडाळून बांधलेली! फिजिओताई, तुमची आठवण काढून सोडली. मग म्हटलं, आता ओढूनच बघू. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ओढली. सहा मिनिटांत एक मुलगी धावत आली, "काय झालं आजी?" म्हटलं, काही नाही, बघत होते. जरा ओशाळले. चौथ्या दिवशी रात्री दोनला ओढली. एकोणीस मिनिटं. आला तो वॉचमन, कारण नर्स एकच आणि ती पलीकडच्या इमारतीत सलाइन लावत होती. हे म्हणाले, "माझा अटॅक एकोणीस मिनिटं थांबला असता का?"

सकाळी मॅनेजरला दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले. आधी तो म्हणाला की असं ओढायचं नसतं. मग म्हणाला, बघतो. आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात रात्रीसाठी दुसरी मुलगी आली होती. आमच्यामुळे की आधीच ठरलं होतं, देव जाणे. टिकते का ते बघायचं.

बाकी : मेस ठीक. पोळी काका म्हणतात तशीच. पाऊस लागला की शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता चिखलाचा, रिक्षावाला नाही म्हणतो. बाथरूमचं दार ३३ इंच, म्हणजे तीन फुटांना तीन इंच कमी. ह्यांना एक निवृत्त रेल्वेवाले भेटले, दोघे मिळून रोज वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने काढतात. मला मात्र स्वयंपाकघराशिवाय हात रिकामे वाटले. सकाळी सहाला उठून करायचं काय, हे अठरा दिवसांत कळलं नाही.

ठरलं ते असं : घर विकायचं नाही, बक्षीसपत्र नाही, मुलीला सांगून झालं. ती दोन दिवस रुसली. अकरा महिन्यांच्या भाड्याने जातोय, १५ सप्टेंबरपासून. करारात तीन ओळी घालून घेतल्या : बाईला खोलीत राहता येईल, पलंग आणता येईल, आणि दोघांपैकी एक राहिला तर त्याच करारात, त्याच घरात. तिसरी ओळ टाइप करताना तिथली मुलगी म्हणाली, "आजी, असं कुणी लिहून घेत नाही." खंडपीठ यांना मसुदा दाखवला होता, त्यांनी फी घेतली नाही, लाडू घेतले.

एकटीदुकटी त्याच इमारतीत तळमजल्यावर घर बघतायत. भाच्याच्या रकान्यात माझं नाव घातलंय.

आता एक काम. आमचं गोदरेजचं कपाट, माझ्या लग्नातलं, १९८१ चं, हिरवं, आतून आरसा. तिकडे भिंतीतली कपाटं आहेत, हे मावणार नाही. भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही. कुणाला हवं असेल तर फुकट न्या. फक्त तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवायची जबाबदारी तुमची.

एकटीदुकटी | २३ ऑगस्ट, १०:४४

मला हवंय. दोन्ही किल्ल्या आहेत ना?